नाटकाचा पहिला खर्डा: अचानक मृत्यू, दारू आणि नंतरचं वर्ष. कुठे खोटं वाटतंय?

तिसरी_घंटा

दोन अंकी नाटकाचा पहिला खर्डा हातात आहे. तालमी सुरू व्हायच्या आत तपशील पक्के करायचे आहेत.

वसुधा, वय ४४. नवरा सकाळी कामाला निघतो आणि वाटेतच हृदय बंद पडून जातो. घरात सोळा वर्षांची मुलगी, आणि अधूनमधून येऊन राहणारी नणंद. नवरा गेल्यावर वसुधा प्यायला लागते आणि तीन महिन्यांत पुरती आहारी जाते. पहिल्या अंकाच्या शेवटी ती स्वतःच सगळ्या बाटल्या सिंकमध्ये रिकाम्या करते. दुसरा अंक तीन दिवसांनी उघडतो तेव्हा ती थकलेली आहे, पण सावरलेली. मग मदतगटाची एक सभा, मुलीशी समेट, आणि पहिल्या स्मृतिदिनाला फोटोसमोर उभी असलेली हसरी वसुधा. पडदा.

पहिला अंक पकड घेतो, दुसरा कोरडा पडतो. वैद्यकीय बाजू, शोकाची बाजू आणि रंगमंचावरची बाजू, तिन्हींबद्दल स्पष्ट सांगा. रचना मोडावी लागली तरी चालेल.

---

वॉर्ड_सात

आधी सर्वांत गंभीर चूक. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद केलं की तिसऱ्या दिवशी तो ‘सावरलेला’ नसतो. तिसरा दिवस हाच धोक्याचा असतो. प्रेक्षागृहात अशा घरातलं कुणीतरी बसलेलं असणारच, आणि ‘बाटल्या ओतल्या, तीन दिवस सोसलं, सुटली’ हे त्याने खरं मानलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून एवढा एक प्रसंग बदलाच.

शेवटच्या घोटापासून तास मोजायचे. साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, छाती धडधडते, जीव एका जागी राहत नाही. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. काहींना पहिल्या दिवसाच्या आसपास नसलेलं दिसतं किंवा ऐकू येतं, पण आपण कुठे आहोत याचं भान असतं. ४८ ते ९६ तासांत डिलिरियम येऊ शकतो: दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, ताप, प्रचंड घाम, चादरीवरून न दिसणारं काहीतरी वेचत राहणं. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो.

कारण समजलं तर अभिनेत्रीला उपयोग होईल. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून समतोल धरतो. दारू अचानक काढली की दाब जातो, लावलेला जोर मात्र तसाच उरतो. म्हणजे ही अवस्था गळून पडण्याची नाही, अति जागेपणाची आहे. आवाज टोचतात, उजेड टोचतो, अंगावरचा कपडाही सोसवत नाही.

आता सूचना. बाटल्या वसुधाला ओतायला लावू नका, मुलीला लावा. रात्री, आई झोपलेली असताना, मायेने. सकाळी घरात थेंब नाही, मुलगी अभिमानाने उभी आहे, आणि दुसऱ्या दिवशी आईला फिट येते. मुलीने प्रेमापोटी योग्य वाटलं तेच केलं आणि त्यातूनच संकट आलं. तुमच्या पहिल्या अंकाचा शेवट इथे आहे.

तीन महिन्यांचा हिशोबही जमत नाही. कधी न घेणाऱ्या बाईला तीन महिन्यांत फिट येण्याइतकं शारीरिक अवलंबन सहसा होत नाही, त्यामागे बहुतेकदा वर्षांचं पिणं असतं. तेव्हा दारू मृत्यूच्या आधीपासून घरात असू द्या. नवरा-बायको रोज संध्याकाळी बरोबर घेत होते, तिचं प्रमाण हळूहळू वाढत होतं आणि त्याच्या सोबतीत ते झाकलं जात होतं. तो गेल्यावर ती सवयीने दोन ग्लास भरते आणि दोन्ही पिते. मृत्यूने व्यसन निर्माण केलं नाही, त्याचा लगाम काढला.

---

ओसरी

वॉर्ड_सात यांचा शेवटचा मुद्दा मला शोकाच्या बाजूनेही पटतो. दुसरा अंक कोरडा का पडतो, याचं उत्तर तिथेच आहे.

तुमच्या खर्ड्यात शोक पहिल्या अंकात होतो आणि सुटका दुसऱ्यात. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट घडतं. दारू शोक बुडवत नाही, पुढे ढकलते. पिणं थांबलं की नवरा जणू त्या आठवड्यात नव्याने मरतो. आजूबाजूच्यांसाठी मात्र त्याला काही महिने होऊन गेलेले असतात. ते म्हणतात, ‘आता कशी छान बरी झालीस.’ ती एकटी पहिल्या दिवसावर उभी असते. दुसऱ्या अंकाचा ताण हा आहे. समेट-बिमेट नंतर.

पाच टप्प्यांची शिडी वापरू नका. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही मांडणी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली ती स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. नाटकाला शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची १९९९ मधली दुहेरी प्रक्रियेची मांडणी जास्त उपयोगी आहे. माणूस दोन टोकांमध्ये झोके घेतो. एका टोकाला हानी: आठवण, रडणं, शोध. दुसऱ्या टोकाला उरलेलं जगणं: बँकेचे कागद, बिघडलेला नळ, मुलीची परीक्षा. एकाच प्रवेशात, कधी एकाच वाक्यात ती या टोकावरून त्या टोकावर जाते. विम्याच्या अर्जावर सही करताना ‘पतीचे नाव’ या रकान्याशी हात थांबतो आणि लगेच ती विचारते, झेरॉक्स किती काढायच्या? असं लिहिलं की बाई जिवंत होते.

अचानक मृत्यूची खूण अशी की निरोप झालेला नसतो. म्हणून मन शेवटची सकाळ पुन्हा पुन्हा चालवून बघतं. शेवटचं वाक्य काय होतं? त्याने छातीत जळजळ होतेय म्हटलं होतं का? मी वर बघितलं होतं का? हे मोठ्या स्वगतात लिहू नका. तीच सकाळ तीन-चार वेळा, दर वेळी एक तपशील बदलून, दुसऱ्याच कुणाला तरी सांगताना येऊ द्या. कधी ती दारापर्यंत गेली होती, कधी गेली नव्हती. खरं काय घडलं ते प्रेक्षकांना शेवटी कळलं पाहिजे असं अजिबात नाही, कारण ते तिलाही आठवत नाही.

झोपेचं कामही करून घ्या. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो आणि स्वप्नांची झोप दबते. दारू सुटली की ती झोप उसळून परत येते आणि स्वप्नं अतिशय ठसठशीत पडतात. इतके दिवस न दिसलेला नवरा आता रोज रात्री दिसतो. शिवाय आपण प्यायलो असं स्वप्न पडणं आणि घामाघूम होऊन स्वतःच्या तोंडाचा वास तपासणं, हे सुटलेल्या माणसांत फार आढळतं. नवऱ्याचं पात्र रंगमंचावर आणायचंच असेल तर दुसऱ्या अंकात आणा, पहिल्यात नको.

आणि वर्षभरात शोक ‘संपवू’ नका. प्रदीर्घ शोकाचं निदान करायलाही आजारांच्या वर्गीकरणाच्या दोन प्रमाण याद्यांपैकी आयसीडी-११ किमान ६ महिने आणि डीएसएम-५-टीआर मोठ्या माणसांसाठी किमान १२ महिने जाऊ देते, आणि त्यातही केवळ दुःख टिकून असणं पुरत नाही, जगणं अडलेलं असावं लागतं. पहिल्या स्मृतिदिनाला रडणारी बाई आजारी नसते.

---

विंगेतून

रंगमंचापुरतं बोलतो.

दारुडा रंगवताना झोकांड्या खाल्ल्या की हशा येतो. अट्टल पिणारा माणूस आपण प्यायलेलो नाही हे दाखवण्यात सगळी शक्ती लावतो. शब्द जास्तच स्पष्ट उच्चारतो, खुर्चीत बसण्याआधी हाताने खुर्ची चाचपतो, किल्ली भोकात घालताना दुसऱ्या हाताने मनगट धरतो. अभिनेत्रीला ‘नशा दाखव’ सांगू नका, ‘लपव’ सांगा. चूक एका प्रवेशात एकच व्हावी, आणि तीही आवरून घेतलेली.

तसंच, वसुधाची नशा सकाळी कमी आणि रात्री जास्त असा सरळ आलेख काढू नका. शारीरिक अवलंबन असलेल्या माणसाचे हात सकाळी, प्यायच्या *आधी*, थरथरतात आणि पहिल्या ग्लासानंतर स्थिर होतात. हे प्रेक्षकांना शब्दाविना कळतं आणि अंगावर येतं.

थरथर बोटांत नाचवू नका, खोटी दिसते. कोपर शरीराला टेकवून पुढच्या हाताचे स्नायू ताठ धरायचे आणि काहीतरी नाजूक पेलायचं. कपबशी सर्वोत्तम. शेवटच्या रांगेला थरथर दिसत नाही, ऐकू येते.

ग्लासातलं द्रव्य: कोरा चहा गाळून, पूर्ण थंड करून, पाणी घालत रंग जुळवा. दिव्याखाली रंग बदलतो, तेव्हा प्रकाशयोजनेतच तपासा. रोज ताजा करा, उरलेला फेका. प्रयोगात किती प्यावं लागतं तेही मोजा. दहा वेळा ६० मिली म्हणजे ६०० मिली, आणि अंकाच्या मध्ये तिला बाहेर पडता येत नाही. त्यामुळे निम्मे घोट ओठांपर्यंतच जाऊ द्या, ग्लास जाड काचेचा आणि नक्षीचा घ्या. खरी दारू कधीच नाही. पात्रयोजनेत किंवा पडद्यामागे कोण सुटलेला आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून रिकाम्या बाटल्याही सोड्याच्या गरम पाण्याने वास जाईपर्यंत धुवून, लेबलं बदलून वापरा.

फिट मात्र समोर दाखवू नका. रोज रात्री फरशीवर आपटून अभिनेत्रीला इजा होते आणि प्रेक्षक तंत्र बघत बसतात. स्वयंपाकघरात भांडं पडतं, मुलगी आत धावते, नुसता तिचा आवाज. लुकलुकणारे दिवे तर अजिबात नकोत, अपस्माराच्या काही प्रेक्षकांना त्याने खरीच फिट येऊ शकते.

---

वर्तुळातली_खुर्ची

सभेचा प्रवेश बहुतेक नाटकांत कोर्टासारखा लिहिला जातो: एक बोलतो, बाकीचे प्रश्न विचारतात, सल्ले देतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मद्यपींच्या मदतगटाच्या (सुरुवात १९३५) पद्धतीच्या सभेत दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी सहसा नसते. ‘मी अमुक, मी मद्यपी आहे’ असं म्हणून माणूस बोलतो, संपवतो, आणि पुढचा स्वतःचं बोलतो. उत्तर मिळतं ते आडून. नाटककाराला ही केवढी मोठी सोय आहे! वसुधा काहीच बोलत नाही, तिच्यानंतर एक म्हातारा स्वतःच्याच तुटलेल्या चपलेबद्दल बोलतो आणि ती ढसाढसा रडते. आडनावं नाहीत, बाहेर कुणी कुणाला ओळख दाखवत नाही. पहिल्या सभेत तिला बोलायला लावू नका, नुसतं नाव सांगणंही जड जातं. ‘फक्त आजचा दिवस’ हे वाक्य एकदाच, आणि सहज यावं.

घसरणही हवी. पण पुन्हा प्यायल्याचा पहिला ग्लास हा शेवट नसतो. खरा घात त्यानंतरचा विचार करतो: ‘आता गेलंच सगळं, मग उरलेली बाटली कशाला ठेवायची?’ मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी घसरण आणि पूर्ण कोसळणं यांतला फरक इथेच दाखवला. घसरणीचं कारण मोठं घेऊ नका. स्मृतिदिनाला तिच्याभोवती सगळे असतात, ती सांभाळली जाते. त्यानंतरच्या मोकळ्या मंगळवारी, भूक लागलेली, दमलेली, एकटी असताना ती घसरते.

मुलीसाठी एक गोष्ट. आई पीत असताना ती घर चालवत होती: शाळेला खोटे निरोप, बाटल्यांवर पेनाने खुणा, आत्याला ‘आई झोपलीये’. आई बरी झाल्यावर हे पद तिच्याकडून जातं आणि ती चिडते. समेट त्यानंतर, आणि अर्धाच.

---

तिसरी_घंटा

मुलीने बाटल्या ओतायच्या, अंक तिथे तोडायचा, हे घेतलंच. दोन शंका. फिटनंतर रुग्णालयातला एक छोटा प्रवेश हवा, त्यात नेमकं काय घडतं? आणि नणंद वसुधाला न सांगता वरणातून दारू सोडवण्याची गोळी देते असा एक धागा डोक्यात आहे, तो ठेवू का?

---

वॉर्ड_सात

फिट साधारण एक-दोन मिनिटं, नंतर बराच वेळ गोंधळ. मुलीने फोनवर मिळालेल्या सूचनांप्रमाणे वागावं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ मोजायची. ती मोठ्याने आकडे मोजतेय एवढं विंगेतून ऐकू आलं तरी पुरे.

रुग्णालयात आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शिरेतून. ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर, कारण थायमिनची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मग क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी मेंदू शांत करणारी औषधं, यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम, आणि ती काही दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी. पण तुम्हाला हवा तो क्षण औषधांत नाही, तपासणीत आहे. परिचारिका दर काही तासांनी येते आणि सांगते, हात पुढे करा, बोटं फाकवा. थरथर डोळ्यांना दिसली नाही तर ती स्वतःची बोटं रुग्णाच्या बोटांच्या टोकांना लावून बघते. नवरा गेल्यापासून वसुधाला कुणी इतक्या शांतपणे हात लावलेला नसतो. संवाद लिहू नका तिथे.

गोळीचा धागा ठेवायचा असेल तर तो धोका म्हणूनच. डायसल्फिराम, म्हणजे तीच दारू सोडवण्याची गोळी, घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं, आणि हे जिवावरही बेतू शकतं. दारूनंतर किमान १२ तास गोळी द्यायची नसते, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच ती दिली जाते. नणंदेने ती लपवून दिली तर दुसऱ्या अंकातली घसरण थेट जीवघेणी होईल. तुमच्याकडे मुलीचा प्रसंग आधीच आहे, प्रेमातून घात दोनदा झाला की दोन्हींची धार जाईल. मी असतो तर नणंदेला फक्त गोळ्यांचं पाकीट पर्समधून काढून परत ठेवायला लावलं असतं.

---

विंगेतून

शेवटाबद्दल राहिलं. फोटोसमोरचं हसू काढा. स्मृतिदिनाची सकाळ, नणंद म्हणते, ‘वहिनी, चहा ठेवलाय.’ वसुधा कपबशी उचलून टेबलापर्यंत नेते आणि ती वाजत नाही. कुणी त्याकडे बघायचं नाही, संगीत नाही, प्रकाशही बदलायचा नाही. त्यासाठी पहिल्या अंकात तीच कपबशी किमान तीन वेळा वाजलेली असली पाहिजे. एकाच संचातले चार जोड आणून ठेवा. बशी खोलगट आणि पातळ चिनी मातीची घ्या, जाड बशी मागच्या रांगेपर्यंत वाजत नाही.