मदत हवी आहे: चर पडलेल्या शाफ्टला कोणता सील?

बोटीचा प्रोपेलर शाफ्ट ३० मिमी, स्टेनलेस स्टीलचा. इंजिन रबरी माउंटवर. सध्या ग्लँड पॅकिंग आहे (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला भोवती भरलेली, नटाने आवळायची दोरी). चालताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले तर हरकत नाही, पण बोट नुसती उभी असतानाही पाणी येतंय. नट जरा आवळला की ग्लँड चटका बसेल इतकी तापते. पॅकिंग नवीन भरलं, अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का) फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासलं, ठीक आहे. मात्र पॅकिंगच्या जागी शाफ्टवर नखाला लागेल अशी चर पडली आहे. त्यावर लिप सील (शाफ्टवर घासणारी रबरी कडा) टिकणार नाही, म्हणून बेलोजवाल्या फेस सीलकडे कल आहे; त्यात रबरी घड्यांची नळी (बेलोज) एक स्थिर चकती शाफ्टबरोबर फिरणाऱ्या चकतीवर (रोटर) दाबून धरते. बेलोज फाटण्याची धास्ती वाटतेच. शाफ्ट एवढ्यात बदलता येणार नाही. रोटरच्या ओ-रिंगा चरीपासून किती दूर बसायला हव्यात, आणि संथ बोटीतही सील थंड आणि ओला ठेवायला पाण्याची वेगळी नळी लागते का?