नवीन दोन फुटी फिशटँक (पुणे): मासे सोडण्याआधी पाण्यात काय काय तपासू?

काचतळं

टाकी दोन फूट बाय एक बाय एक, खडी धरून साधारण 45 लिटर पाणी मावतं. आत बसणारा पॉवर फिल्टर आहे, शिवाय एअर पंपावर एक स्पंज फिल्टर. टाकी नुकतीच भरली आहे, मासे अजून नाहीत. पाणी दुधाळ दिसतंय. दुकानदार म्हणतो निळ्या औषधाचे थेंब आणि मूठभर मीठ टाका, उद्या मासे घेऊन जा. आरओसाठी घेतलेल्या टीडीएस मीटरवर आकडा 140 येतो. सोसायटीला पालिकेचं पाणी आहे, पण उन्हाळ्यात टँकर येतात. मुलांना गोल्डफिश हवेत. कुठलं टेस्ट किट घेऊ आणि नेमकं किती दिवस थांबू?

पाणकणीस

निळं औषध नको, मीठही नको. निळं औषध म्हणजे बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू. बुरशीवर ते ठीक आहे, पण फिल्टरमध्ये जे जिवाणू वसवायचे आहेत त्यांनाही ते मारतं. वर सिलिकॉनचे सांधे निळे होतात ते निघत नाहीत.

दुधाळपणा खडीच्या धुळीचा असेल तर एक-दोन दिवसांत बसतो. त्यानंतरही राहिला तर ते पाण्यात वाढलेले जिवाणू आहेत, आपोआप निवळतात. त्यासाठी रोज पाणी बदलू नका आणि तुरटी तर अजिबात फिरवू नका. तुरटी पाण्यातली अल्कता (पीएच धरून ठेवणारे क्षार) खाते आणि पीएच पाडते.

टीडीएस मीटर इथे जवळजवळ निरुपयोगी. तो सगळ्या क्षारांची मिळून बेरीज दाखवतो. माशाला त्रास देणारा 1 पीपीएम (लिटरला 1 मिलिग्रॅम) अमोनिया पाण्यात आला तरी 140 चा आकडा जेमतेम हलेल. थेंबांचं किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच हे चार हवेतच. एपीआय कंपनीच्या मास्टर किटमध्ये हे चारही येतात, केएच (अल्कतेचं माप) मात्र वेगळं घ्यावं लागतं आणि ते घ्याच. पाण्यात बुडवायच्या पट्ट्यांमध्ये बऱ्याचदा अमोनियाच नसतो.

त्या किटमधल्या नायट्रेटच्या चाचणीत हमखास गडबड होते. दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाला बसतं. 5 मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे 10 थेंब टाका, मग दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, तिचे 10 थेंब टाका, नळी एक मिनिट हलवा आणि 5 मिनिटं थांबून रंग बघा. बाटली न हलवता केलं तर नायट्रेट आहे त्यापेक्षा खूप कमी दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो.

रेवाळ

+१. आता थांबायचं किती, ते. दिवस मोजून उत्तर मिळत नाही, किटवरच मिळतं. साधारण चार ते सहा आठवडे धरा.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात, आणि फार सावकाश वाढतात. नुसती टाकी चालू ठेवून ते येत नाहीत, त्यांना खायला अमोनिया लागतो. म्हणून रिकामी टाकी महिनाभर चालवून मग मासे सोडले तरी ते मरतात.

मासे न घालता अमोनिया द्यायचा तर अमोनियम क्लोराइड, लॅबच्या दर्जाचं, रसायनांच्या दुकानातून आणा. कल्हईवाल्यांचा नवसागर तोच पदार्थ आहे, पण शुद्धतेची खात्री नसते, तो टाकीत नको. 10 ग्रॅम पूड 1 लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, वर नाव लिहा. या द्रावणाचे 28 मिली तुमच्या 45 लिटरला घातले की अमोनिया सुमारे 2 पीपीएम होतो. जास्त घालून लवकर होत नाही, उलट 5 च्या वर गेलं तर काम अडतं.

मग दोन-तीन दिवसांआड तपासा. पहिला आठवडाभर काहीच हलणार नाही. नंतर अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट दिसेल. अमोनिया 0.5 च्या खाली आला की पुन्हा 2 पर्यंत न्या. नायट्राइटचा टप्पा सगळ्यात लांबतो. रंग गडद जांभळा होऊन हलेनासा झाला तर अर्धं पाणी बदला, जिवाणू स्पंजवर आहेत, ते जात नाहीत. 2 पीपीएम अमोनिया टाकून 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार. पाऊण पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि दुसऱ्या दिवशी मासे.

कुणाकडे निरोगी, बरेच महिने चालू असलेली टाकी असेल तर त्यांचा वापरातला स्पंज मागा. ओलाच आणून तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये ठेवलात तर आठवडे वाचतात. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा माझा भरवसा यावर जास्त आहे.

काचतळं

किट आलं. पालिकेचं पाणी: पीएच 7.2, केएच 3. टँकरचं पाणी बादलीत घेतल्याबरोबर पीएच 7.2 आणि दुसऱ्या दिवशी तेच 8.0! केएच 13, नायट्रेट 40. एकाच पाण्याचा पीएच रात्रीत कसा बदलतो? आणि दोन्ही पाणी मिसळलं तर चालेल का?

झरा_जांभ्याचा

टँकरचं पाणी बोअरचं आहे. जमिनीतून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, म्हणून पीएच खाली दिसतो. बादलीत तो उडून गेला की खरा पीएच वर येतो. त्यामुळे बोअरचं पाणी नेहमी 24 तास ठेवून, शक्य तर एअर स्टोन लावून मगच तपासायचं. तुमच्या टाकीत ते 8.0 च असणार.

पालिकेच्या पाण्याची अडचण उलटी आहे, केएच 3 म्हणजे अल्कता कमी. अमोनिया फोडताना जिवाणू अल्कता खातात. 2 पीपीएमच्या एका मात्रेमागे साधारण 0.7 केएच जातो. चार मात्रांत तुमचा 3 चा साठा जवळपास संपतो, पीएच घसरतो आणि 6.5 च्या खाली जिवाणू सुस्तावतात. पुष्कळ टाक्या तिसऱ्या आठवड्यात 'अडकतात' त्या यामुळेच. दर आठवड्याला केएच बघा. 2 वर आला की खायचा सोडा, अर्धा चहाचा चमचा, मगभर पाण्यात विरघळवून सावकाश ओता. 45 लिटरमध्ये केएच जवळपास 2 ने वाढतो. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच.

मिसळायला हरकत नाही, पण प्रमाण ठरवा आणि तेच ठेवा. तीन भाग पालिका, एक भाग टँकर केलंत तर केएच 5 ते 6 येईल, सोडाही लागणार नाही. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना हे छान. धोका आहे तो एका आठवड्यात पालिका आणि पुढच्या आठवड्यात निम्मा टँकर, यात. पाण्यात थोडा अमोनिया असताना पीएच 7.2 वरून 8.0 वर नेलात, तर त्यातला विषारी भाग साधारण सहापट होतो. आकडा तोच दिसतो आणि मासे मात्र वर येऊन तोंड मारायला लागतात.

टँकरमध्येच 40 नायट्रेट असेल तर फक्त त्याच पाण्याने बदल करून ते 40 च्या खाली कधीच येणार नाही. हॉर्नवर्ट किंवा हायड्रिला घाला, मनी प्लँटची मुळं पाण्यात सोडा (पानं वर राहू द्या). या वनस्पती नायट्रेट चांगला ओढतात.

खडीवर लिंबाचा रस टाकून बघा. फेस आला तर ती संगमरवराची चुरी आहे, केएच आणि पीएच वर ढकलत राहील. ती काढून टाका.

पाणकणीस

क्लोरीनचं राहिलं. पालिकेचं पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर अँटिक्लोर, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात 'हायपो'चे खडे म्हणून मिळतात. 10 ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवा, 15 लिटरच्या बादलीला 1 मिली. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीन वाढवतात, तेव्हा 2 मिली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोन-तीनदा पिळायचा, आणि दोन्ही फिल्टरचे स्पंज एकाच दिवशी नाही.

रेवाळ

गोल्डफिशबद्दल: दोन फुटी टाकीत नको. एका फॅन्सी गोल्डफिशची घाणही नव्या फिल्टरला जड जाते आणि तो वितीएवढा वाढतो. पाच-सहा नर गप्पींपासून सुरुवात करा, पुढचे मासे तीन आठवड्यांनी. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे आल्यावर पहिले दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट बघा. काहीही 0.5 ला टेकलं तर त्याच दिवशी अर्धं पाणी बदला आणि दोन दिवस खाणं बंद. नायट्राइट असेल तर 45 लिटरला 3 ग्रॅम साधं मीठ घाला. त्यातला क्लोराइड कल्ल्यातून नायट्राइट आत शिरू देत नाही. मिठाचा उपयोग तेव्हा, आत्ता नाही.

वीज गेली तर पॉवर फिल्टर बंद पडतो आणि आतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. स्पंज फिल्टरचा एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवा, 3-4 वॉटच घेतो. पॉवर फिल्टर बरेच तास बंद राहिला तर पुन्हा चालू करण्याआधी आतलं पाणी ओतून टाका.

झरा_जांभ्याचा

एक राहिलं: एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी थेट घालू नका, ते 40 अंशांच्या आसपासही असू शकतं. सकाळी बादली भरा, सावलीत ठेवा, टाकीच्या पाण्याशी दोन अंशांपेक्षा जास्त फरक नाही हे थर्मामीटरने बघा, मग मगाने सावकाश ओता. आठवड्याला 10-12 लिटर बदललं की तुमच्या टाकीला पुरे.