मांजलपूर (वडोदरा) रो-हाउस ग्रुप: मागचा ओटला सपाट करायचाय

घर ५: नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या ओटल्यावर पावसात डबकं साठतं, खुर्ची ठेवली की डुगडुगते. कडिया (गवंडी) म्हणतो, वरून सिमेंटचा पातळ हात मारतो, एका दिवसाचं काम. करून घेऊ का?

घर १२: काकू, अजिबात नको. जुन्या काँक्रीटवर तो मुलामा धरत नाही, उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी हातोडीने सगळीकडे ठोकून बघा.

घर ५: दाराजवळ खणखणीत, तुळशीकडे भद्द वाजतंय. तिथेच तडा आहे, एक बाजू करंगळीएवढी उंच. परवा ह्यांना ठेच लागली.

घर १२: मग खालची जमीन खचलीय. आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वर कितीही थर चढवा, तो तुकडा हलतच राहणार. तेवढा फोडा, फूटभर माती काढा, मुरूम भरून पाणी मारत धुमसाने ठोका, मग नवं काँक्रीट. नव्या-जुन्यात सांधा सोडायला सांगा. बाकी ओटल्याला छिन्नीने टाचे मारून खरबरीत करा, धुऊन, जुन्याला नवं चिकटवणारं बाँडिंगचं लेटेक्स लावून किमान दीड इंच थर, बारीक खडीचा.

घर ९: ते सेल्फ लेव्हलिंगचं पोतं येतं ना? ओतलं की आपोआप सपाट.

घर १२: ते घरातल्या खोलीला ठीक. बाहेर सपाट करून पाणी जाणार कुठे? मीटरला १ सेंमी ढाळ हवा, भिंतीकडून जाळीकडे. १० फुटांना सव्वा इंच धरा. आणि काकू, दीड इंच चढल्यावर उंबरठ्याला किती उरतं ते आधी मोजा, नाहीतर डबकं स्वयंपाकघरात.

घर २: राबिट (फोडलेला मलबा) पॅसेजमध्ये टाकू नये ही विनंती. गेल्या वर्षीचा ढीग अजून तिथंच आहे 🙏

घर ९: तो आमचा नाही.

घर ५: पाणी किती दिवस मारायचं? कडिया ३ म्हणतो.

घर १२: ३ मध्ये काय होतंय! हल्ली पोती बहुतेक पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा सिमेंटला किमान १० दिवस, कोरड्या उन्हात १४. गोणपाट अंथरा, सुकू देऊ नका.

घर ५: बरं. रविवारी येऊन ढाळ बघून द्याल? चहा-पोहे आमच्याकडे.

घर १२: येतो. ढाळ पाणी भरलेल्या नळीने मापू, ती पारदर्शक आणून ठेवा, बागेची हिरवी चालत नाही, त्यात पाण्याची पातळी दिसत नाही. कडियालाही थांबवा, त्याच्यासमोरच खुणा करू.