आरोग्य केंद्रात गटाने बोलण्याचा उपचार: सुरुवात कशी करावी?

म्हादईकाठ

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डिप्रेशनच्या रुग्णांसाठी गटाने बोलण्याचा उपचार सुरू करायचा आहे. माणसं दोन: एक समुपदेशक, एक एएनएम (सहाय्यक परिचारिका). जागा म्हणजे लसीकरणाची खोली, ती काही दिवस दुपारी मोकळी असते. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात. एकेकट्याला पाऊण तास द्यायचा तर रांग संपत नाही, म्हणून गटाचा विचार.

कोणती पद्धत घ्यावी? एका गटात किती जण? निवड कशी करावी? आणि मुख्य म्हणजे, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे माणूस चारचौघांत तोंड उघडेल कसा? बायका "टेन्शन येतं", "झोप लागत नाही", "अंगावरून पांढरं जातं" एवढंच सांगतात. डिप्रेशन हा शब्द कोणी घेत नाही.

समुपदेशक_फोंडा

शब्दापासून सुरुवात करतो. "टेन्शन" हाच शब्द वापरा, तो लोकांचा आहे. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीमागे बऱ्याचदा मनाचा त्रास असतो, हे गोव्यातल्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्या बाईची तपासणी करा, संसर्ग असेल तर औषध द्या, पण झोप आणि भुकेबद्दलही विचारा.

पद्धत म्हणाल तर गटासाठी आयपीटी घ्या, म्हणजे नात्यांतल्या घडामोडींवर काम करणारा उपचार. युगांडाच्या ग्रामीण भागात स्थानिक, बिगर-तज्ज्ञ लोकांनी तो गटात दिला. आठवड्याला एक अशा १६ बैठका झाल्या, पुरुषांचे आणि बायकांचे गट वेगळे होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत चांगला फरक दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ८ बैठकांची सुटसुटीत पुस्तिका काढली, तीच धरून चाला. एका गटात ६ ते १० जण, बैठक दीड तासाची.

या उपचारात त्रासाचं मूळ चार जागी शोधतात. जवळच्याचा मृत्यू. घरातला तंटा, जसं सासू-सून किंवा भावाभावांची वाटणी. आयुष्यातला मोठा बदल: खाणी बंद पडून ट्रक दारात उभा राहिला, किंवा नवरा तारवटी म्हणून बोटीवर गेला आणि घर एकटीवर पडलं. आणि चौथं, एकटेपण. प्रत्येकाची एक जागा ठरवायची, फार तर दोन. चारही उघडलीत तर आठ बैठकांत काहीच पुरं होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाला एकट्याने भेटा, तास-दीड तास. त्रास कधी सुरू झाला, त्या सुमारास घरात काय घडलं, कोण जवळचं आहे, कोणाशी बोलणं तुटलंय, हे सगळं तिथे विचारायचं. हा आजार आहे, आळस नव्हे, हेही तिथेच सांगायचं. वेळ वाचवायला लोक हीच भेट गाळतात आणि गट तिसऱ्या आठवड्यात मोडतो. ज्या बाईने आपलं दुःख एका माणसालाही सांगितलेलं नाही, ती आठ जणींसमोर ते कसं सांगणार? शिवाय कोणाचं कोणाशी वाकडं आहे हे तुम्हाला आधी कळायला हवं.

बैठकीत प्रश्न एकच, पुन्हा पुन्हा: गेल्या आठवड्यात मन कसं होतं, आणि त्या आठवड्यात काय घडलं? मन आणि घटना यांची गाठ माणसाला स्वतःला दिसली पाहिजे. मग दुसऱ्या सभासदांना विचारायचं, "तुम्ही असता तर काय बोलला असता?" नवऱ्याकडे औषधाचे पैसे मागायचे असतील तर एकीला नवरा करा आणि तिथेच बोलून बघा. घरी जाताना तिला एकच काम द्या, म्हणजे आठवड्यात करायचं एक बोलणं.

नव्या समुपदेशकाची नेहमीची चूक अशी की तो गोलाने जातो: एकीशी दहा मिनिटं, मग दुसरीशी, बाकीच्या गप्प बसून. ही आठ वेगवेगळी समुपदेशनं झाली, गट झाला नाही. दुसरी चूक म्हणजे सल्ला देणं. तुम्ही सल्ला दिलात की सभासद एकमेकींकडे बघायच्या थांबतात आणि तुमच्याकडे बघतात.

ओपीडी_दुपार

डॉक्टरच्या बाजूने काही गोष्टी.

पीएचक्यू-९ वापरा, म्हणजे डिप्रेशन किती आहे हे मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, एकूण गुण ० ते २७. १० ते १९ गुणांचे लोक गटाला योग्य. १५ किंवा जास्त झाले की औषधाचाही विचार डॉक्टरने करावा. २० किंवा जास्त असतील तर आधी डॉक्टर, गट नंतर. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी एकट्याला बसवून सरळ विचारा: कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का, घरी कीटकनाशक आहे का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बेत पक्का असेल तर माणसाला एकटं सोडू नका. घरच्यांना बोलवा आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेत पाठवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सभासदाला लिहून द्या, तो रात्रीही चालतो.

गटात घेण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघा. रक्त कमी असलेली बाई थकलेलीच असणार. कधी काळी झोप न घेताही अंगात भलताच जोर, अफाट बोलणं, वारेमाप खर्च असं झालं होतं का, हे विचारल्याशिवाय फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी लिहू नका. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढण्याचा तर कधी फार उतरण्याचा आजार, असेल तर नुसत्या त्या गोळीने उलटं होऊ शकतं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आधी सांगितलं नाही तर लोक दहाव्या दिवशी ती सोडतात.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पीएचक्यू-९ पुन्हा भरून घ्या. चौथ्या बैठकीपर्यंत ५ गुणही उतरले नसतील तर आठव्याची वाट बघू नका, त्या सभासदाला डॉक्टरकडे आणा.

गोव्यात हे काम नवीन नाही. डिप्रेशन आणि चिंतेच्या उपचाराची 'मानस' ही संशोधन चाचणी इथेच झाली, १२ सरकारी आणि १२ खासगी ठिकाणी. निष्कर्ष २०१० मध्ये आले. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फायदा झाला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. पण तिथलं बोलणं एकेकट्याशी होतं. म्हणून गट सुरू करताना गुणांची नोंद काटेकोर ठेवा. तुमच्या भागात गट चालतो की नाही हे त्या नोंदीच सांगतील.

परिचारिका_डिचोली

गुप्ततेचं बोलते, कारण गट बसतो किंवा फसतो तो इथेच.

एका वाड्यावरच्या दोघी एका गटात नकोत. जावा-जावा, सासू-सून तर नकोच. शेजारच्या दोन उपकेंद्रांतले सभासद मिसळा. दुसऱ्या बैठकीनंतर दार बंद, मग नवीन माणूस घ्यायचा नाही, तो पुढच्या गटात. १२ जणांना भेटलात तर सुरुवातीला ८ ते १० जण येतील असं धरून चाला.

व्हॉट्सॲप ग्रुप काढूच नका. नंबर सगळ्यांना दिसतात, फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो. आठवण करायची तर एकेकीला, "उद्या अडीच वाजता तपासणी" इतकंच. दारावर "मानसिक" अशी पाटी नको. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जो दिवस असतो तोच गटाचा दिवस ठेवला तर बाई केंद्रात का गेली हे कोणी विचारत नाही. हजेरीच्या वहीत नाव नको, क्रमांक घाला. नाव-क्रमांकाची यादी कुलपात. नवरा विचारायला आला तर उत्तर एकच: "त्या तपासणीला येतात." २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गुप्ततेचा हक्क आहे, हे कर्मचाऱ्यांना सांगा, झाडणाऱ्या बाईलासुद्धा.

काळ बघून सुरू करा. मार्च ते मे काजूचा मोसम, सत्तरीतल्या बायका बागेत असतात. जून-जुलैमध्ये लावणी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या पंधरवड्यात कोणी येणार नाही. चवथ झाली की सुरू केलंत तर आठ आठवडे सलग मिळतात. बैठक परतीच्या बसच्या आधी वीस मिनिटं संपवा. शेवटची बस चुकेल या धास्तीत कोणी मन मोकळं करत नाही.

म्हादईकाठ

फार उपयोगी माहिती, देव बरें करूं. दोन शंका उरल्या. पुरुषांचं काय? आणि बैठकीत एखादी हमसून रडायला लागली, उठून निघाली, तर?

समुपदेशक_फोंडा

पुरुषांचा गट वेगळाच, आणि वेळ रविवारी सकाळी किंवा कामावरून सुटल्यावर. आधी दारूच्या सवयीबद्दलची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली भरून घ्या. २० किंवा जास्त गुण असतील तर आधी दारू सोडवण्याचा उपचार. तो माणूस पिऊन गटात आला तर बाकीचे दुसऱ्यांदा येत नाहीत. पुरुष "मन" म्हणून बोलत नाहीत, पण कर्ज, काम, मुलाची नोकरी म्हटलं की बोलतात. तिथूनच सुरू करा.

रडणाऱ्या बाईला "रडू नको" म्हणू नका. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, थांबा, गटाला गप्प बसू द्या, मग शेजारणीला विचारा, "हिचं ऐकून तुम्हाला काय वाटलं?" उठून गेली तर एएनएमने तिच्याबरोबर बाहेर जायचं, समुपदेशकाने गट सोडायचा नाही. म्हणूनच माणसं दोन लागतात. त्याच संध्याकाळी तिला फोन करा. पुढच्या बैठकीला ती आली तर तिची खुर्ची होती तिथेच ठेवा.