एडिटिंग आणि गेमिंगसाठी एकच पीसी: पैसा आधी कुठे लावायचा?

रेंडरयात्री

घरचा पीसी नव्याने जुळवायचा आहे. कामं दोनच. आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटांचा एक व्हिडिओ एडिट करायचा, आणि रात्री घर झोपलं की दोनेक तास गेम. भाग कुठल्या क्रमाने निवडायचे याबद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे, म्हणून धागा काढतोय. झोडपायला मोकळे आहात.

२०१९ मध्ये पीसी जुळवला तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. गेमच्या बेंचमार्कचे (कुठल्या भागावर गेम किती वेगाने चालतो त्याचे) तक्ते तोंडपाठ केले, निम्म्याहून जास्त पैसा ग्राफिक्स कार्डात घातला आणि उरल्यासुरल्यात बाकीचं बसवलं. बरीच वर्षं तक्रार नव्हती. मग कॅमेरा बदलला. नव्या कॅमेऱ्याची पहिली क्लिप टाइमलाइनवर टाकून स्पेसबार दाबला, तर आवाज पुढे पळतोय आणि चित्र जागच्या जागी उचक्या देतंय. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०० टक्के, ग्राफिक्स कार्ड ६ टक्के. ज्याच्यावर पैसा ओतला तो बैल झाडाखाली रवंथ करतोय आणि दुसरा एकटाच नांगर ओढतोय.

कारण फाइलमध्ये होतं. हा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, म्हणजे कोडेक), १०-बिट (रंगांच्या छटा किती बारीक), ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवली त्याचं प्रमाण) असं शूट करतो. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, मधल्यांमध्ये फक्त काय बदललं याची नोंद. त्यामुळे टाइमलाइनवर मध्येच कुठे उडी मारली की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब जुळवत यावं लागतं. उलटं स्क्रब करायला (टाइमलाइनवर मागे ओढत न्यायला) गेलात तर विचारूच नका. हा हिशेब करायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, पण ४:२:२ म्हटलं की बहुतेक चिपमधला तो भाग हात वर करतो. इंटेलच्या प्रोसेसरमधला असा भाग म्हणजे क्विक सिंक, तो ११व्या पिढीपासून एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ उलगडतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० लासुद्धा ते जमत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: आधी आपली फुटेज कुठल्या कोडेकची आहे ते बघा, त्यावरून प्रोसेसर ठरवा, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. माझा बेत इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के, ६४ जीबी रॅम आणि मधल्या फळीतलं एखादं कार्ड असा आहे. इंटेल घेणाऱ्यांनी एक बघा, नावापुढे एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात अंतर्गत ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेला. चार पैसे वाचवायला जाल आणि ज्यासाठी इंटेल घेतला तेच घालवून बसाल.

निशाचर

साफ असहमत. निदान बरोबर आहे, औषध चुकलंय.

तुम्ही ४०९० चं उदाहरण दिलंत, ते २०२२ चं कार्ड. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५० मालिका ४:२:२ स्वतः उलगडते, एच.२६५ चंही आणि एच.२६४ चंही. म्हणजे तुमचं दुखणं कार्डच बरं करतं आणि इंटेलला बांधून घ्यायचं कारण उरत नाही.

आता तासांचा हिशेब. रोज दोन तास गेम म्हणजे आठवड्याला चौदा. एडिटिंगला किती? सहा-सात? मग चौदा तासांच्या कामाला दुय्यम का धरायचं? गेमला एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी अव्वल प्रोसेसरांपैकी. कारण कॅशे, म्हणजे चिपवरचीच वेगवान मेमरी. साध्या ९७००एक्स मध्ये एल३ कॅशे ३२ एमबी, यात ९६. गेम सारखा त्याच त्याच माहितीकडे धाव घेत असतो, ती चिपवरच सापडली की रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. कोअर अल्ट्रा २०० मालिका २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा बऱ्याच गेममध्ये इंटेलच्याच १४व्या पिढीच्या मागे राहिली होती, हे विसरू नका.

शिवाय एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) पुढेही प्रोसेसर बदलता येतो. त्याआधीचा एएम४ २०१६ मध्ये आला आणि २०२२ चा ५८००एक्स३डी त्यावर बसला. बोर्ड तोच ठेवून मी स्वतः दोनदा प्रोसेसर बदलला.

खिळाहातोडा

तुम्हा दोघांचं चालू द्या, पण प्रॉक्सी (एडिटिंगपुरती बनवलेली हलकी प्रत) नावाची गोष्ट कुणी ऐकली आहे का? दोघांनाही लाख मोलाचा पीसी हवाय कारण दहा मिनिटं थांबायची तयारी नाही.

धागाकर्त्यानेच कारण सांगितलंय: एच.२६५ च्या फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात. मग अशी फाइल करून घ्या जिच्यात नसतात. प्रोरेस नावाच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण. १०८० चं प्रोरेस प्रॉक्सी ३० फ्रेमला सेकंदाला साधारण ४५ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला २० जीबी. काहीच नाही. (उत्साहाच्या भरात ४के मध्ये प्रोरेसचा ४२२ एचक्यू हा जड प्रकार निवडू नका, तिथे तासाला ४०० जीबीच्या घरात जाल.) मी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करतो, प्रॉक्सी लावतो, भांडी घासतो, परत येईपर्यंत बनलेल्या असतात. कट, आवाज, शीर्षकं सगळं प्रॉक्सीवर, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रोसेसर सहा कोअरचा, सहा वर्षांचा. कुठे अडत नाही.

एसएसडीच्या बाबतीतही हीच गंमत. लोक सेकंदाला १४,००० एमबीवाली जनरेशन ५ घ्यायला धावतात. अहो, २०० मेगाबिटची क्लिप म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. फिरती हार्ड डिस्कसुद्धा एवढं देते. अडतं ते उलगडताना, वाचताना नाही. मात्र स्वस्तातली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) एसएसडी घेताना जपा. मी एकदा तीनशे जीबी एका दमात कॉपी करायला लावले. सुरुवातीला दीड-दोन जीबीचा वेग, मी खूश. मग वेगाचा आलेख कड्यावरून दगड पडावा तसा खाली आला आणि ७०-८० एमबीवर रांगत राहिला. आतली वेगवान जागा भरली की तिचं खरं रूप दिसतं. खोक्यावर छापलेला वेग हा सुरुवातीचा असतो.

रेंडरयात्री

@निशाचर, ५० मालिकेचा मुद्दा मान्य. लिहिताना माझ्या डोक्यात जुनीच कार्डं होती. पण मग क्रम माझाच राहिला ना? कोडेक बघूनच कार्ड ठरलं. तुम्ही तक्ते बघून ठरवता.

@खिळाहातोडा, कट करायला प्रॉक्सी ठीक. पण रंग जुळवताना आणि नॉइज काढताना मूळ फाइलवर यावंच लागतं, आणि माझा निम्मा वेळ तिथेच जातो. शिवाय शूट संध्याकाळी आणि व्हिडिओ त्याच रात्री, असं अनेकदा होतं. भांडी रोज घासतोच, पण दर वेळी मुहूर्त जुळेल असं नाही.

फुरसतराव

कॅमेऱ्याच्या मेनूत जा. ४:२:२ चं ४:२:० करा. हाकानाका.

रेंडरयात्री

@फुरसतराव, एवढं सोपं असतं तर धागा काढला असता का राव? ४:२:० मध्ये रंगाची माहिती निम्मी होते.

फुरसतराव

होते की. ४:२:२ मध्येही पूर्ण कुठे असते? तिथे आडवी निम्मी, इथे उभीही निम्मी. उजेडाची माहिती दोन्हीकडे पूर्ण, आणि आपला डोळा तीच आधी बघतो. हिरवा पडदा लावून मागचं चित्र कापायचं असेल तर कडांना फरक पडतो. तुम्ही शेवटचा हिरवा पडदा कधी लावला होता?

आणि ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला, आधार १०-बिटचा असतो, तो ४:२:० मध्येही ठेवता येतो. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

फळवाला

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. एडिटिंगला छोटा मॅक मिनी, गेमला कन्सोल. अॅपलच्या एम मालिकेच्या चिपमध्ये मीडिया इंजिन (व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग) आहे, तुमच्या त्या क्लिप पंख्याचा आवाजही न करता चालतात. एकाच खोक्यात दोन संसार कशाला?

निशाचर

@फळवाला, शिव्या नाही देत, पण त्या खोक्यात पुढे रॅम वाढवायची म्हटली तर? सोय नाही. पहिल्या दिवशी घेतली तेवढीच. आणि माझे निम्मे गेम त्यावर येतच नाहीत, कन्सोलवर मॉडही (गेममध्ये खेळाडूंनी केलेले बदल) फारसे टाकता येत नाहीत.

धागाकर्त्याशी एका बाबतीत मात्र सहमत: कार्ड मधल्या फळीतलं चालेल, पण कार्डाची स्वतःची मेमरी १६ जीबी हवी. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं, नाव एकच. ८ वालं घेऊ नका. गेममध्ये टेक्श्चर कमी करून भागवता येतं, पण दा विंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के वर दोन-चार इफेक्ट चढवले की 'जीपीयू मेमरी भरली' म्हणून तो सरळ बसकण मारतो. अडोबी प्रीमियरवाल्यांना हा त्रास जरा कमी. आणि हो, रिझॉल्व असेल तर फुकट आवृत्ती की विकतची स्टुडिओ ते सांगा. नॉइज रिडक्शन स्टुडिओतच आहे, आणि हार्डवेअर डिकोडिंगमध्येही (फाइल चिपच्या त्या वेगळ्या भागाकडून उलगडून घेण्यातही) दोन्हींत फरक आहे. कार्ड नवं घेतलं आणि सॉफ्टवेअर त्याला हातच लावत नाही, असं व्हायला नको.

जुनं_खोड

प्रोसेसर आणि कार्डावरून एवढी जुंपली, पण रॅम, पॉवर सप्लाय आणि मॉनिटरचं नाव कुणी नीट घेत नाही. घरात भांडणं नेमकी याच गोष्टी लावतात.

डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) घ्याल तर ३२ जीबीच्या दोन कांड्या घ्या, १६ च्या चार नको. 'आत्ता दोन, पुढे दोन' हा डीडीआर४ च्या काळातला शहाणपणा झाला. चार कांड्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझन ९००० ला चार कांड्यांवर एएमडी अधिकृतपणे ३६०० एवढाच वेग सांगते. त्याहून वर चालली तर तुमचं नशीब. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारं सेटिंग, चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहील आणि तुम्ही इथे येऊन रायझनला नावं ठेवाल.

माझी फजिती सांगतो. पहिला एएम५ पीसी जुळवला, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. घाम फुटला. बंद केला, रॅम काढून बसवली, पुन्हा तेच. कार्ड काढलं. कूलर उचलून पेस्ट पुसली, सॉकेटच्या पिना टॉर्च लावून बघितल्या. रात्रीचे दोन. सगळं परत बसवून बटण दाबलं आणि वैतागून दात घासायला गेलो. आलो तर बायोसचा पडदा हसत उभा. पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ मेमरी ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्ड रॅमशी सूर जुळवतो, त्याला काही मिनिटं लागतात. मी दर वेळी ते अर्ध्यावर तोडत होतो. बोर्डावरचा डीरॅम लिहिलेला बारका दिवा सगळा वेळ पेटलेला होता, त्याकडे बघायचं सुचलं नाही.

पॉवर सप्लायवरचं ८० प्लस गोल्ड हे वीज किती वाया जात नाही त्याचं प्रमाणपत्र आहे, आतला माल किती टिकेल त्याचं नाही. त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचा. पहिल्या पीसीचा सप्लाय मी रंग बघून घेतला होता, जाताना मदरबोर्डही सोबत घेऊन गेला.

मॉनिटरबद्दल एकच. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा घेऊन भागत नाही, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडावा लागतो. आणि केबल कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. हसू नका, दोन भाच्यांकडे हेच निघालं.

खिळाहातोडा

+१ दोन कांड्यांना. पण ६४ जीबी खरंच लागते का? आफ्टर इफेक्ट्स (अॅनिमेशन आणि इफेक्टचं सॉफ्टवेअर) असेल तर ती मिळेल तेवढी रॅम गिळते, तिथे बोलायलाच नको. साध्या कट-जोडाला ३२ पुरते. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकल्यावर तर उगाच दुप्पट घेण्यात अर्थ नाही. वापर बघा: एडिट चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा किती वर जातो?

रेंडरयात्री

दोन दिवस प्रयोग केले, ते सांगतो.

फुरसतरावांचा टोमणा झोंबला होता. हिरवा पडदा मी आयुष्यात लावलेला नाही. तेव्हा कॅमेरा स्टँडवर ठेवून टेबलावरचं तेच सामान दोनदा शूट केलं, एकदा १०-बिट ४:२:२, एकदा १०-बिट ४:२:०. मुद्दाम मध्ये एक लाल पेन्सिल ठेवली. दोन्ही क्लिप ग्रेड केल्या. साध्या नजरेला फरक शून्य. ४०० टक्के झूम केल्यावर लाल पेन्सिलची काळ्या वहीवरची कड किंचित विस्कटलेली दिसली. ४०० टक्के झूम करून माझे व्हिडिओ कोण बघतं? मीसुद्धा नाही.

आणि ४:२:० ची क्लिप याच २०१९ च्या पीसीवर सरळ चालली. प्रोसेसर ३५ टक्के, कार्डाचा डिकोड आलेख पहिल्यांदाच हललेला बघितला. झाडाखालचा बैल उठला. @खिळाहातोडा, मेमरी २१ जीबीच्या वर गेली नाही.

@निशाचर, माझा बोर्ड एएम४ आहे, बी४५०.

निशाचर

मग काय राव, आधी नाही सांगायचं? बोर्ड बनवणाऱ्याच्या पानावरची प्रोसेसरची यादी बघा, बायोस अपडेट करा, आणि ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी चांगल्या स्थितीत मिळाला तर बसवा. रॅम तीच, बोर्ड तोच. कार्ड ५० मालिकेतलं १६ जीबीवालं, म्हणजे उद्या ४:२:२ ची हुक्की आली तरी सोय आहे. बी४५० वर त्याला पीसीआय जनरेशन ३ (कार्डाच्या खाचेचा जुना, कमी वेग) मिळेल, म्हणजे किंचित फटका. ८ जीबीवाल्याला तो जास्त बसतो, आणखी एक कारण.

आणि हो, माझ्या तक्त्यांना नावं ठेवलीत, पण शेवटी प्रोसेसर एक्स३डीच येतोय.

रेंडरयात्री

येऊ द्या. फक्त कोडेक बघून येतोय.

@जुनं_खोड, तुमचा प्रतिसाद वाचून सहज डिस्प्ले सेटिंग उघडून बघितलं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. सेटिंग ६०. म्हणजे २०१९ पासून ६०.

जुनं_खोड

तीन भाचे झाले.