मदत हवी आहे: 1997 च्या अत्याचाराची तक्रार आता कुठे करावी?

माझ्या भावावर 1997 साली, तो 11 वर्षांचा असताना, पुण्यातल्या एका कॅथलिक फादरने लैंगिक अत्याचार केले. तो माणूस अजून हयात आहे. पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) 14 नोव्हेंबर 2012 पासूनचा, त्यामुळे लागू नाही. पण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 377 ला (अनैसर्गिक लैंगिक कृत्य) जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने मुदतीची आडकाठी नाही, एवढं वाचून कळलं. चर्चला दोनदा लेखी कळवलं, पोच मिळाली, बस. (पुन्हा बिशपना भेटा, हे कृपया सुचवू नका.) वैद्यकीय पुरावा नाही, तेव्हाची डायरी आहे, एक वर्गमित्र साक्षीला तयार आहे. भाऊ आता नागपूरला असतो. नाव बाहेर येऊ नये, ही त्याची एकच अट. मग तिथे झिरो एफआयआर (घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) करावा की थेट पुण्यात? आणि पोलिसांनी टाळलं, तर कोर्टात नाव गुप्त ठेवून अर्ज करता येतो का?