लेव्हस्कीचं खरं काम डोंगरात नव्हे, गावागावात

वासिल लेव्हस्की हा ऑटोमन (तुर्की) सत्तेविरुद्ध लढलेला बल्गेरियन क्रांतिकारक. त्याची ओळख डोंगरातल्या सशस्त्र टोळीचा लढवय्या अशी दिली जाते. ती खरीच आहे. १८६७ मध्ये पानायोत हितोव्हच्या टोळीत तो ध्वजधारी होता. पण माझ्या मते त्याचं मोठेपण त्यानंतरच्या कामात आहे.

१८३७ साली बल्गेरियातल्या कार्लोव्होत जन्मलेला हा माणूस आधी मठात दीक्षा घेतलेला डीकन, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ पाद्री, होता. १८६२ मध्ये तो बेलग्रेडला राकोव्स्की या बल्गेरियन क्रांतिकारकाच्या पथकात दाखल झाला. बाहेरून टोळ्या पाठवून ऑटोमन सत्ता हलत नाही, हे त्याने पुढे जवळून पाहिलं. म्हणून वेषांतर करून, खोट्या नावांनी तो देशभर फिरला आणि गावोगाव गुप्त समित्या उभारल्या. मुख्य केंद्र लोव्हेच हे शहर. वर्गणीच्या पैशांचा हिशेब तो काटेकोर ठेवी. आणि त्याला हवं होतं प्रजासत्ताक, ज्यात तुर्क, ज्यू, बल्गेरियन सगळे कायद्यापुढे समान असतील! परकीय सत्तेशी लढतानाही सामान्य तुर्काला शत्रू न मानणं मला फार थोर वाटतं.

घात झाला तो १८७२ च्या सप्टेंबरात. संघटनेतल्याच दिमितर ओब्श्तीने अराबाकोनाक खिंडीत सरकारी खजिना लुटला, धरपकड सुरू झाली, संघटना उघडी पडली. संघटनेची कागदपत्रं हलवण्यासाठी लेव्हस्की लोव्हेचला गेला आणि डिसेंबरात काक्रिनाच्या खानावळीत पकडला गेला. फितुरीचा ठपका क्रस्त्यो नावाच्या पाद्रीवर येतो, पण तो आजही वादग्रस्तच आहे. फेब्रुवारी १८७३ मध्ये सोफियात लेव्हस्कीला फाशी दिली.

ऑटोमन सत्तेविरुद्ध १८७६ मध्ये झालेल्या बल्गेरियन एप्रिल उठावाबद्दल लिहिताना या समित्यांचं ऋण नोंदवायलाच हवं.